वाट वाकडी

वाल्पाराईसोत सपाट असा फक्त समुद्र,
आणि तोही रोज नाही.
बाकी शहर पायऱ्यांवर टांगलेलं,
आणि प्रत्येक जिन्याच्या दोन किमती:
उतरताना चार मिनिटं, चढताना अकरा.
म्हणून माझ्या नकाशात साधी रेघ एकही नाही.
बाणच बाण.

दवाखान्यातून घरोघर औषधं जायची होती.
मी मारिपोसास टेकडीवरच्या दारांना क्रमांक दिले,
प्रत्येक क्रमांकापुढे एक यादी:
इथून थेट कुठे जाता येतं, किती मिनिटांत.
भला मोठा तक्ताही मांडता आला असता,
साडेआठशे ओळी, साडेआठशे रकाने,
पण त्यात शून्यंच राहायला आली असती.
दाराला शेजारी असतात तीन,
फार तर चार.

सुरुवातीला सगळ्यांचं अंतर अनंत,
दवाखान्याचं तेवढं शून्य.
मग रांगेतून सर्वांत जवळचा पुढे बोलवायचा,
विचारायचं: तुझ्यावरून गेलं तर कुणाचं काही वाचतं का?
वाचलं, की जुना आकडा खोडायचा,
आणि कुणाच्या हातून वाट आली
ते शेजारी टिपून ठेवायचं, परत फिरताना उपयोगी पडतं.
रांगेबाहेर आलेल्याचा हिशेब मिटला.
त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

रात्री पावणेदोनला अनंतं विरघळू लागली.
सतरा. बावीस. साडेएकतीस.
एक दार मात्र तसंच.
४७३: अनंत.

ओर्तेन्सिया काताल्दो, वय ब्याऐंशी,
रक्तदाबाच्या गोळ्या, महिन्याला दोन पाकिटं.
तिच्या यादीत दोन नावं होती.
तिचं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं.
गेल्या हिवाळ्यात तिच्या दारापुढचा जिना ढासळला;
वाळूवरून घसरत खाली येता येतं,
वर जाता येत नाही.
कोड बरोबर होता, मी तीनदा तपासला.
बाई जगाकडे येऊ शकते,
जगाला तिच्याकडे वाट नाही,
आणि ती वाट पाहते आहे, हे कुठल्या रकान्यात लिहू?

सकाळी एलेउतेरियो पोस्टमनला विचारलं.
"तिच्याकडे? दर गुरुवारी जातो की."
"कुठून?"
"यास्नाच्या स्वयंपाकघरातून."
त्यानं टेबलावर सांडलेल्या कॉफीत बोट फिरवलं:
मागचं दार, कोंबड्यांचं खुराडं, ओघळावर टाकलेली फळी.
यास्नाकडून एक मिनिट जायला, एक यायला.
"आणि यास्ना चहा पाजते, लोणी-पाव देते,
तो वेळ धरलास?"
"चहा उणे धर, पोरी.
तिच्याकडून निघालो की पिशवी हलकी झालेली असते."

मी हसले, आणि खरंच भरलं:
यास्नाकडे येणाऱ्या प्रत्येक बाणातून चार वजा.

रांग बिनसली.
मिटलेले हिशेब पुन्हा उघडायला लागले;
उणं वजन आलं की मिटलेल्यावर विश्वास ठेवता येत नाही.
मग दुसरी रीत, हळू चालणारी:
सगळे बाण पुन्हा पुन्हा विचारत जायचं,
जितकी दारं, त्याहून एक फेरी कमी.
तेवढ्यात आकडे थांबायला हवेत.
थांबले नाहीत.
एक जायला, एक यायला, त्यातून चार वजा:
फळीवरच्या प्रत्येक येरझारीत
वाट दोन मिनिटांनी आखूड होते.
सर्वांत जवळची वाट म्हणजे
तिथंच फिरत राहणं.
ज्या दारापुढे काल अनंत होतं
त्याच्यापुढे आता उणे अनंत.

दुपारी मी चहा पुसला.
यास्नाच्या यादीत ४७३ घातलं, एक मिनिट, साधं.
आकडा आला: एकोणतीस.
गोळ्या पोहोचतात.

गुरुवारी गोळ्यांचं पाकीट एलेउतेरियो नेतो.
नोंदीत येतं: अपेक्षित एकोणतीस, प्रत्यक्ष सत्तर.
यंत्र विलंबाचं कारण मागतं,
यादीतून निवडा म्हणतं:
पाऊस, दुरुस्ती, कुत्रा, इतर.
मी तो रकाना
रिकामा सोडते.